पाठमोरी अनसूयाकाकी

अनसूयाकाकी पुरुषांचं अंग कसं चेपावं हे शिकवायची, पण पुरुषाला हात म्हणून लावायची नाही. बायकांची गोष्ट वेगळी. आमच्या महाडच्या चाळीत एखादी बाई 'बरी आहे' म्हणाली, तरी काकीचा त्यावर काडीचा विश्वास नसे. ती आधी त्या बाईचं मनगट धरी, तळहात उलटा करी, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघे आणि मग निकाल देई, "खोटं बोलतेस गो. बरी असतीस तर एवढी कळ आली नसती." पुरुषांसाठी तिच्याजवळ फक्त जीभ होती, आणि ती पुरून उरत असे.

औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एकट्या माणसांना ती तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. पहाटेपासून तिच्या दारात मोटारसायकली उभ्या राहत. भाकरी कागदात बांधता बांधता ती एकेकाची झडती घेई. तुझी मान आखडलीय, उशी बदल. तू कालपासून खांदा वर धरून चालतोयस, घरी भांडण झालंय का? बहुतेक वेळा झालेलं असे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटली की तिच्या तव्याला उसंत नसे. अशा दिवसांत तिचे स्वतःचे खांदे भरून येत, पण माझी बायको सुनीता तेल घेऊन गेली की काकी तिलाच खाली बसवून तिचंच डोकं चोळून देई. या एका बाबतीत ती हट्टी आणि थोडी आगाऊ होती, असं माझं आजही मत आहे.

तिची-माझी खरी ओळख झाली ती माझ्या वडिलांमुळे. पोलादपूरच्या डोंगरात आमची वाडी. तिथे आई गेली आणि मी आप्पांना महाडला घेऊन आलो. आईच्या आजारपणात ते रात्ररात्र तिच्या खाटेची दांडी धरून बसले होते. आता खाट नव्हती, पण मूठ तशीच होती. खुर्चीत ताठ बसायचे, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. झोप नाही, बोलणं नाही. एकदाच बोलले ते एवढंच, की शिमगा आला की मी वाडीवर जाणार आणि एकटा राहणार. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. आप्पा या अवस्थेत तिथे एकटे गेले तर पावसाळा बघणार नाहीत, अशी मला भीती होती. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब ठीक, हृदय ठीक. माणसं वारली की असं होतं, म्हणाले, त्यांच्याजवळ बसा. जवळ बसून करायचं काय, हे मला कळत नव्हतं. आमच्यात बापलेक जवळ बसले तर शेताबद्दल बोलतात, आणि शेताबद्दलही आप्पा बोलेनात.

काकीची आणि आमची भिंत एकच. एके सकाळी भाकऱ्या घ्यायला गेलो तेव्हा तिने मला थांबवलं. "तुझा बापूस झोपत नाय. खुर्ची करकरते, मला ऐकू येतं," ती म्हणाली. "त्याच्या मुठी बघितल्यास? माझा घो कशेडीतून ट्रक उतरवून घरी यायचा, तवा अशाच असायच्या. घाट मागं राहिला तरी हात चाक सोडत नसत. मी सोडवायचे." मी लगेच म्हणालो, मग काकी, तुम्हीच या. तिने पदर सावरला. "मी परक्या माणसाला हात लावनार नाय. तुझा बाप हाय, तूच लाव." सुनीता तरी कशी लावणार? आमच्याकडे सून सासऱ्यासमोर नीट उभीही राहत नाही.

म्हणून माझी शिकवणी सुरू झाली ती काकीच्या परातीत. भाकरीची उकड अजून कोमट होती. तिने मला पाटावर बसवलं आणि हाताखाली तो गोळा दिला. मी जोर लावला. चार बोटांचे खड्डे पडले. तिने ते बोटाने दाखवले आणि म्हणाली, उद्या असे वळ बापाच्या पाठीवर उठतील. बोटांनी टोचायचं नाही, तळव्याच्या मांसल भागाने पुढे लोटायचं, अंगठा सावकाश गोल फिरवायचा, हाडावर कधी दाबायचं नाही. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, आधी आपले तळहात एकमेकांवर घासून ऊन करायचे, तेल आपल्या हातावर घ्यायचं, त्याच्या अंगावर ओतायचं नाही. मध्येच तिने माझ्या हातातला गोळा थोपटला. "पीठ वरडत नाय, आनि तुझा बापूसबी वरडायचा नाय. म्हनून तूच इचारायचं, दुखतंय का. आनि त्याच्या श्वासाकडं कान ठेवायचा."

मी शहाणपणा करून पायांपासून सुरुवात केली. तिथेच घोटाळा झाला. मी पायाला हात लावला की आप्पा पाय आखडून घेत आणि हात वर करून म्हणत, "असू दे, असू दे, सुखी राहा." मी पुन्हा पाय ओढला, पुन्हा आशीर्वाद. तिसऱ्यांदा तर माझाच हात सवयीने कपाळाला गेला. जन्मभर आम्ही एकमेकांना याच एका कारणासाठी शिवलो होतो. काकीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली की हातांपासून धर, हाताला कोणी आशीर्वाद देत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती सुपात तांदूळ घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आमच्याकडे पाठ करून. रोज तशीच बसायची. आत बघायची नाही, तांदळातले खडे वेचायची आणि कानाने शिकवायची. "पयलं हात नुसता ठेव. हलवू नको." मी ठेवायचो. बराच वेळ काही नाही. मग आप्पांनी जड श्वास सोडला की पाठमोरी मान हलायची, "हां, आता पुढं." पंजापासून कोपराकडे लांब हात फिरवायचा. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकं ओढून सोडायचं. मानेच्या दोन बाजूंचं मांस चिमटीत न घेता सबंध पंजात धरायचं. आप्पा आणि ती एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. मी मधला निरोप्या. त्यांना सांग, खांदे खाली सोडा. तिला सांग, सोडलेत. त्यांना सांग, सोडले असते तर मला कळलं असतं. "ही बाई कोन लागून गेली?" आप्पा पुटपुटत, आणि खांदे सोडत.

शिमगा जवळ आला. आप्पांनी पिशवी भरून ठेवली होती. मी त्यांचे हात चोळत होतो, पण माझं सगळं लक्ष त्या पिशवीकडे. त्या संध्याकाळी उजवी मूठ माझ्या हातात हळूहळू सैल झाली, करंगळी सगळ्यात शेवटी. उघड्या तळहाताकडे बघत आप्पा म्हणाले, "तुझ्या आवशीचे पाय मी कधी दाबले नाय रे. ती माझे दाबायची. भाताच्या लावणीतून आली तरी दाबायची." आणि ते रडले. आई गेल्यावर पहिल्यांदा. मी हात धरून राहिलो. उंबऱ्यावर तांदळाचा आवाज थांबला होता.

मग काकी मान न वळवता थेट त्यांच्याशी बोलली, पहिल्यांदाच. "तिनं दाबून घेतले नसते, भाऊ. आमाला दाबायचं शिकवलं, दाबून घ्यायचं कोनी नाय शिकवलं. तुमी आता घेताय, तेवढं नीट घ्या." ती सूप उचलून घरी गेली. आप्पा त्या दिवशी न जेवताच आडवे झाले आणि उजाडेपर्यंत उठले नाहीत. शिमग्याला ते वाडीवर गेले, पालखी नाचवणाऱ्यांना बघून आले, आणि पाचव्या दिवशी पिशवीतून गावचे काजू घेऊन परत महाडला. मी काही विचारलं नाही. काकीने मात्र मला दारात गाठून विचारलं, आले का. आले म्हणताच ती भाकरी थापायला वळली. तिचे डोळे भरले होते, पण त्याचा दोष तिने चुलीच्या धुरावर ढकलला. आणि तिच्याकडे तर गॅस होता.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. सकाळच्या पाळीची माणसं भाकऱ्यांसाठी दारात थांबली आणि दार उघडलं नाही. झोपेतच गेली होती. तिचा मुलगा मुंबईहून लगेच आला, पण खेडकडून येणारा तिचा भाऊ कशेडीत दरड हटायची वाट बघत अडकला, म्हणून दुपार झाली. तोवर सुनीता तिच्याजवळ बसून होती. आंघोळ घालताना तिने काकीचे हात तेल लावून चोळले, सावकाश, एकेक बोट. आता काकी नको म्हणू शकत नव्हती, असं सुनीताने मला नंतर सांगितलं. मी खांदा दिला. गर्दीत कामगारांपैकी कितीतरी जण होते. त्यांच्यातल्या एकालाही तिने कधी शिवलं नव्हतं, आणि सगळे पोरके झाल्यासारखे रडत होते.

घरी येऊन आंघोळ केली आणि आप्पांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. तिरडीचा भार घेतलेला खांदा ठणकत होता. मागे तळहात घासल्याचा आवाज आला. मग माझ्या मानेवर एक ऊन हात टेकला आणि तिथेच थांबला, हलला नाही. उंबऱ्यावरची शिकवणी एकट्या माझी नव्हती तर. आप्पा सगळं ऐकत होते. मी श्वास सोडला तसा तो हात पुढे सरकला. नांगर धरलेला हात तो, त्याला हलकं दाबणं जमेना. खांद्यातून कळ डोक्यात गेली.

"दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा," मी म्हणालो.