बुआलाई टेबलावर झोपली

'ची' नावाच्या नदीकाठच्या त्या गावात बुआलाईला ओळखत नाही असं घर नव्हतं. आरोग्य-स्वयंसेविका म्हणून बावीस वर्षं ती दारोदार फिरली. कच्च्या माशातल्या किड्यामुळे पित्तनळीला कॅन्सर होतो, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. लोक माना डोलवायचे आणि संध्याकाळी लिंबू-मिरची लावलेला कच्चा मासा चिकट भाताशी खायचे.

दरवर्षी सोनोग्राफीची गाडी आली की ती नावं लिहायची, म्हाताऱ्यांना हात धरून टेबलावर चढवायची. स्वतः मात्र कधीच झोपली नाही. वडील त्याच रोगाने पिवळे पडून गेले, मागोमाग थोरला भाऊ खामपान. आणि तिशीपर्यंत तीही त्यांच्याच ताटातला कच्चा मासा खात आलेली.

त्या वर्षी शेजारची म्हातारी तोंगसाय पोट पुसत उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्हाला ढकलतेस, तुझ्या पोटात काय सोनं दडवलंयस का गं?"

लोक हसले. आता पळायला वाट नव्हती. बुआलाई झोपली. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवता फिरवता पुन्हा पुन्हा एकाच जागी येत होत्या, बोलत नव्हत्या. हे गप्प होणं बुआलाईने दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं. शेवटी त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

नऊ दिवस तिने नवऱ्याला, विसितला, काही सांगितलं नाही. उठली की आधी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडलाय का बघायची. शेवटी त्यानेच विचारलं, तेव्हा ती रडली.

शहरातल्या सर्जनने सगळं स्पष्ट सांगितलं. यकृताचा डावा भाग नळीसकट काढायचा. पण पोट उघडल्यावर रोग पसरलेला दिसला, तर काही न काढता शिवून टाकायचं.

"मग मला कळणार कसं?" तिने विचारलं.

"शुद्धीवर आलात की मी स्वतः सांगेन."

तेवढी वाट बघायचा धीर तिच्यात नव्हता. तिने मनाशी हिशोब केला: सकाळी आठला आत नेणार. दुपारच्या आत जाग आली, तर संपलं. तोंगसायने रक्षणासाठी मनगटाला बांधलेला पांढरा दोरा ती भूल चढेपर्यंत चाचपत राहिली.

जाग आली तेव्हा तोंडात नळी होती, नजर धूसर. भिंतीवरचं घड्याळ दिसायला वेळ लागला. पाच वाजायला दहा मिनिटं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नर्सला वाटलं, दुखतंय.

पुढे पित्त झिरपत राहिलं, तीन आठवडे बरगडीखाली नळी आणि पिशवी. पण ती घरी आली. त्याला आता चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि त्याआधी तीन दिवस तिला घास उतरत नाही. गाडी आली की अजूनही नावं तीच लिहिते. कोणी बिचकलं की म्हणते, "भीती वाटणारच रे, मलाही वाटते. चल, मी बसते शेजारी."