कादरच्या अंगातलं बळ

सलीमचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच तो बोलला. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी खाली बसलो. कादर, माझा शाळेपासूनचा दोस्त... आणि खरं सांगतो, रडू नाही, आधी रागच आला. तो अजून जात नाही.

कादर गाद्या भरायचा. बेलापुरात निम्मी घरं त्याच्याच गाद्यांवर झोपतात. तोंडाचा फटकळ. "सोनवण्या, तुझ्या पाठीला गादी कशाला? तुला खाटकाचा ओंडका बास," म्हणायचा आणि कापूस मात्र मूठभर जास्तच भरायचा. सत्तरी ओलांडल्यावर या माणसाला रक्ताचा कॅन्सर निघाला. नगरच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर मुलगा सलीम, सून शबाना आणि मी असे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, भल्या. म्हणाल्या, "नुसतं वय बघून आम्ही औषध ठरवत नाही. अंगात बळ किती उरलंय ते बघतो. बळ असेल तर जोराचं औषध देता येतं. नसेल तर ते औषधच माणसाला झोपवतं."

मग विचारपूस सुरू झाली. अंघोळ स्वतः करतात का, कपडे कोण धुतं, बाहेर एकटे जातात का... कादरनं तोंड उघडायच्या आत शबाना बोलली, "अब्बांना आमी कायबी करू देत न्हाई, म्याडम. पानी हातात, कपडे हातात. एकटं तर उंबऱ्याभाईर सोडत न्हाई." किती अभिमानानं बोलली पोरगी! आमच्याकडे सासऱ्याला कामाला हात लावू दिला, तर गाव सुनेला नावं ठेवतं. बाई लिहीत गेल्या.

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. "अरे, कालपरवापर्यंत सुनेची नजर चुकवून सायकल हाणत माझ्याकडं यायचास. तोंड का नाही उघडलंस?"

"पोरीला डाक्टरपुढं खोटी पाडू व्हय?" तो म्हणाला. "लई करती रं ती माझं."

मी परत आत जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं, खुर्चीतून उठवलं, चालवलं. पण अंगात रक्त कमी, सकाळपासून उपाशी, वर एसटीचे हादरे... लेकाचा दारापर्यंत जाऊन धापा टाकायला लागला. हलकं औषध ठरलं. आजार त्याला जुमानेना. शेवटी शेवटी शबाना बोलली होती अगदी तसंच झालं, पाणी हातात, कपडे हातात.

कादरच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. जोराचं औषध दिलं असतं तर? "सांगता येत नाही, काका. कदाचित आधीच गेले असते." आता या उत्तराचं मी काय करू? चिडू तरी कुणावर?

परवा त्याच्या घरी गेलो. शबाना मला मागच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेली. तिथं एक गादी होती, अर्धी टाचलेली. दवाखान्यात जायच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी घर झोपलं की कादर चोरून तिथं बसायचा, हे तिला आत्ता कळलं होतं. भरल्या गादीतून दाभण आरपार ओढायला काय जोर लागतो, ते ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. शबानानं एका टाक्याखाली बोट घालून तो उचलून बघितला. टाका ढिम्म हलला नाही.

"काका," ती म्हणाली, "हे म्याडमला दाखवलं असतं तर?"