आत घेतलेली सायकल

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. सारा जन्म एका लहान गावात कात्री चालवली आणि साठी जवळ आल्यावर दुकान मोडून बायकोसह या मोठ्या, थंड शहरात आले. लोकांनी वेड्यात काढलं. पण मास्तरांचे थोरले भाऊ, दादा, इथल्या वृद्धाश्रमात होते. दादांची आठवण पुसली गेली होती, जवळची माणसंही ओळखू येत नव्हती आणि पुढे पुढे त्यांनी खाणंही सोडलं. मास्तर भेटायला आले तेव्हा सहज एक घास पुढे केला आणि तो दादांनी गिळला. झालं! दादा आपल्याच हातून जेवतात हे मास्तरांच्या मनानं घेतलं. आईबाप लवकर गेल्यावर दादांनीच त्यांना भरवून मोठं केलं होतं. त्यामुळे हे पटायला पुरावा लागला नाही.

काम मिळालं ते कपडे दुरुस्तीच्या दुकानात. ज्या हातांनी नवरदेवांचे कोट बेतले, ते आता लोकांच्या पँटी आखूड करू लागले. दुपारच्या सुट्टीत मास्तर सायकलवर टांग टाकायचे, पूल ओलांडून वृद्धाश्रम गाठायचे, दादांना भरवायचे आणि परत मशीनवर बसायचे. बस सगळं शहर फिरून जायची, तिच्या नादी लागलं तर सुट्टी वाटेतच संपायची.

उन्हाळा, पावसाळा निभावला. मग हिवाळा आला, तो मुक्कामालाच आल्यासारखा. दुपार कलते न कलते तोच अंधारायचं. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून दगडासारखा घट्ट व्हायचा. पुलावरचा वारा अंगावर धावून यायचा आणि मास्तरांच्या मिशीत बर्फाचे खडे लोंबायचे.

"अहो, तुम्हीच आडवे झालात तर दादांना कोण भरवणार?" बायको म्हणायची.

"तू आहेस की."

"मला दोघांना भरवायला लावू नका म्हणजे झालं."

रोज संध्याकाळी मास्तर सायकल खोलीत आणत, हीटरला टेकवत आणि अस्तराच्या चिंधीनं मायेनं पुसत. जमीन ओली व्हायची. बायको सायकलला सवत म्हणायची. खाली सायकल दुरुस्तीवाला होता, त्यानं एकदा स्पष्टच सांगितलं, "मास्तर, थंडीत ती बाहेरच राहू द्या. आत बर्फ वितळतो, पाणी ब्रेकच्या वायरीत शिरतं आणि बाहेर काढलीत की तिथंच गोठतं."

"अहो, असल्या थंडीत लोक कुत्र्यालाही आत घेतात," मास्तर हसले. फुकटचा सल्ला म्हणून कानाआड केला. हट्टी माणूस!

एके दिवशी सकाळी दुकानापर्यंतच्या सपाट रस्त्यावर ब्रेकची गरज पडली नाही. दुपारपर्यंत सायकल बाहेर गारठत उभी होती. पुलाच्या उतारावर मास्तरांनी ब्रेक दाबला, तर तो दाबलाच जाईना. ते थेट कठड्यावर आदळले. उजवं मनगट मोडलं. बर्फावर पडल्या पडल्या त्यांना मनगट आठवलं नाही. दादा उपाशी राहणार, एवढंच आठवलं. आणि हे आपण केलेल्या सायकलच्या लाडानं झालं, हेही कळलं.

प्लास्टर चढलं, वर ताप भरला. बायकोनं वृद्धाश्रमात फोन केला. "काळजी करू नका," तिकडून उत्तर आलं. असं तर सगळेच म्हणतात, असं म्हणून मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. डोळ्यांसमोर दादांचे मिटलेले ओठ येत होते.

ताप उतरल्यावर ते बसनं एकटेच गेले. जेवणाची वेळ होती. एक तरुण सिस्टर दादांना चमच्यानं भरवत होती आणि दादा लहान मुलासारखा आ करत होते. वाटी निम्मी संपली होती. गालांवर थोडं मांसही आलं होतं.

"बरे झालात?" सिस्टर म्हणाली. "बघा, छान जेवतायत. तुम्ही घाईत असायचात ना, तेव्हा दोन-चार घास खाऊन थांबायचे. निवांत भरवलं की सगळं खातात."

घाईत तर ते असायचेच. एक डोळा घड्याळावर, एक वाटीवर. मास्तर दारातच उभे राहिले. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, घास गिळला आणि सिस्टरला म्हणाले, "पाहुण्यांना बसायला द्या. लांबून आलेले दिसतात."

मास्तर बसले. दादांनी वाटी संपवली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवले का दादा?"

"पोटभर."

"बाई, बरं झालं! सुटलात एकदाचे. आता या थंडीत रोज मरायला नको."

मास्तरांनी डाव्या हातानं मफलर सोडला. खरंच बरं झालं होतं. दादा जेवत होते, यापरतं त्यांना दुसरं काय हवं होतं? पण त्यांना रडू आवरेना.