तीन खाचा वर

चूक माझी होती. एवढं एक वाक्य बोलायला मला बावीस वर्षं लागली. बायकोला सांगितलं नव्हतं, शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगतोय – आणि मनात इतका आनंद आहे, की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. लाज आणि आनंद माणसाला एकाच वेळी वाटू शकतात का? मला तरी वाटताहेत.

मी कर्जतजवळच्या एका हायस्कुलात संगीत शिकवतो. जूनमध्ये वर्ग भरले की आमच्याकडे मंडळांची नावनोंदणी होते – विज्ञान मंडळ, स्काउट-गाईड, लेझीम, गायनवृंद. गायनवृंद माझा. पंधरा ऑगस्टची गाणी झाली, दिवाळीची सुट्टी संपली, की एकच ध्यास – डिसेंबरातली समूहगान स्पर्धा. नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती आणि ढाल एकदाही आली नव्हती. त्या वर्षी मात्र हेडमास्तरांनी आपल्या कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली उतरवून ढालीसाठी जागा करून ठेवली होती.

कारण त्या वर्षी सुजाता होती.

सुजाता नववीत. शेजारच्या बौद्धवाडीतून चालत यायची. बोलताना आवाज इतका बारीक, की हजेरीचं ‘हजर’ मला दोनदा विचारावं लागायचं. पण गायला लागली की – काय सांगू? खाचरात पाणी सोडलं की ते जसं न धावता कोपऱ्याकोपऱ्याला पोचतं, तसा तिचा सूर खोलीभर पोचायचा. मराठीच्या बाईंनी नदीवर एक गाणं लिहिलं होतं, चाल मी लावली होती. ध्रुवपद सुजातानं एकटीनं उचलायचं, मग मागच्या एकोणीस मुलींनी त्यात उतरायचं. शेवटच्या अंतऱ्यात एक उंच जागा होती, तिथं सगळ्यांनी मिळून थांबायचं. दोन महिने आम्ही ते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून बसवलं. मुली झोपेतही त्या सुरात गायल्या असत्या.

स्पर्धा खालापूरला होती. टेंपोतून जाताना आमची पेटी आदळली आणि भाता फाटला. आयोजकांनी त्यांची पेटी दिली. ती स्केलचेंजर होती – म्हणजे एक दांडी सरकवली की सगळ्या पट्ट्या एकदम सरकतात. बोट त्याच पट्टीवर राहतं, पण सूर वर जातो नाहीतर खाली येतो. अशी पेटी हाती आली की पहिलं काम दांडी कुठं आहे ते बघायचं. शिकाऊ पोरालाही हे कळतं. मी बघितलं नाही. मी समोर बसलेल्या परीक्षकांकडे बघत होतो.

काळी चार दाबली. सुजातानं चमकून माझ्याकडे पाहिलं. ती नजर – ती विचारत होती, सर, हाच ना? मी मानेनं म्हटलं, घे. तिनं घेतला. माझ्यावर विश्वास ठेवून घेतला.

ध्रुवपद संपता संपता माझं लक्ष दांडीकडे गेलं. आधीच्या शाळेनं ती तीन खाचा वर नेऊन ठेवली होती. तेव्हाही वेळ गेली नव्हती. पेटीवाल्यानं हात वर केला तर गाणं एकदा पुन्हा सुरू करता येतं, असा नियमच होता. मग मी हात का नाही वर केला? सभागृहभर लोक, पुढच्या रांगेत आमचे हेडमास्तर – आणि हात वर करणं म्हणजे चूक पेटीवाल्याची, हे सगळ्यांसमोर कबूल करणं. मी वाजवत राहिलो. शेवटच्या अंतऱ्यातल्या त्या उंच जागी सुजाताचा आवाज फाटला. मागच्या मुली एकेक करून गप्प झाल्या. कुणीतरी हसलं.

इथपर्यंत ती चूक होती. पुढचं मी चूक म्हणून लिहू शकत नाही.

पेटीवर कापड टाकायच्या निमित्तानं मी खाली वाकलो आणि दांडी तीन खाचा खाली आणून ठेवली. हे मी शांतपणे केलं. 

बाहेर हेडमास्तरांनी विचारलं, “काय झालं हो?” मी म्हणालो, “मुलीनं सूर वर घेतला.” सुजाता तिथंच उभी होती. तिनं हळूच विचारलं, “सर, पेटी वर होती का वो?” आणि मी – अठ्ठावीस वर्षांचा, शिकलेला, पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा – म्हणालो, “पेटी चुकत नसते, सुजाता. गळा चुकतो.”

परतीच्या टेंपोत पोरींनी तिला धरलं. “काय गं, ढगात गेली व्हतीस काय?” “खाली ये गं, पाय लागत नाय जमिनीला!” मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. सोमवारी तिनं गायनवृंदातून नाव काढून विज्ञान मंडळात घातलं. पुढचं सव्वा वर्ष ती प्रार्थनेलाही ओठ मिटून उभी राहायची, आणि मी समोर उभा राहून पेटी वाजवायचो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या जागी सरपंचांची मुलगी असती, तर मी इतक्या सहज बोट दाखवलं असतं का? नसतं. सुजाताच्या घरचं कुणी शाळेत भांडायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तो हिशेब करायला मला क्षणभरही लागला नाही.

नंतर ढाली आल्या. एक नाही, पाच. मी नावाजला गेलो, आणि परीक्षक म्हणून बोलावणी यायला लागली.

यंदा खालापूरला तसाच परीक्षक म्हणून गेलो. दारातच एक म्हातारी आडवी आली. “वळखलंत का सर? सुजाताची आई मी. पोरगी शाळंत गणित शिकवते आता, तिच्या पोरांचं गाणं हाय आज. तुमी हायसा ते बरं झालं. बघा बाई, अजून वर जाते का ती!” आणि खळखळून हसली. बावीस वर्षांनी त्या घरात त्या गोष्टीचा विनोद झाला होता. मला हसता आलं नाही.

सातव्या क्रमांकाला सुजाताची शाळा आली. तीस पोरं, मुलं-मुली मिसळून, एक ढोलकी, एक टाळ. पेटी नाही. मी विचारलं, “पेटी राहिली का बाहेर?” तिनं मला ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “पेटी नको सर. पेटी आली की माझा सूर जातो. विहारात वंदना म्हणता म्हणता पुन्हा गायला लागले, तशीच पोरांना शिकवते. मी नुसतं गुणगुणते, ती उचलतात.”

तिनं पोरांकडे वळून ओठांतल्या ओठांत एक सूर धरला. मला तो ओळखू यायला पेटीची गरज नव्हती. काळी चार. आणि मग सुरू झालं – आमचं नदीचं गाणं. तेच शब्द, तीच माझी चाल.

ते गाणं मी पुन्हा कधी बसवलं नव्हतं. मला धीरच झाला नव्हता. आणि ती ते जपून घेऊन आली होती! एका दोन वेण्यांच्या मुलीनं ध्रुवपद उचललं, बाकीची पोरं त्यात उतरली, ढोलकी लागली, आणि सभागृहातल्या मागच्या रांगेतली माणसं मांडीवर ठेका धरायला लागली. शेवटचा अंतरा आला. ती उंच जागा आली. माझ्या हातातलं पेन थांबलं. पोरं चढली, सगळी मिळून चढली – आणि थांबली. तीस गळे, एक सूर, अजिबात न हलणारा. सुजाता हात वर धरून उभी होती. तिनं त्यांना तिथं हवं त्याहून थोडं जास्तच थांबवलं, आणि मग अलगद खाली आणलं. लोक उभे राहिले. म्हातारी खुर्चीवर चढता चढता राहिली. गुण आम्ही तिघांनी वेगवेगळे दिले होते, तरी तिन्ही कागदांवर पहिलं नाव एकच निघालं.

ढाल घेऊन पोरं नाचत होती. मी तिला विचारलं, हेच गाणं का? ती म्हणाली, “माझ्याकडून राहिलं होतं ना सर. बिघडवलं होतं मी.”

मी बिघडवलं होतं, म्हणत होती ती. ढाल हातात असताना.

निकाल आधी जाहीर होऊ दिला होता, माझं मनोगत मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. मनोगतात परीक्षक सूर, ताल, उच्चार यांवर बोलतात. मी कागद घडी करून खिशात घातला. माईक घेतला. समोर तिची तीस पोरं होती, तिची आई होती, आणि टेंपोत तिला चिडवणाऱ्यांपैकी एक जण आता पालक म्हणून तिसऱ्या रांगेत बसली होती. बरंच झालं, म्हटलं. जितक्या लोकांसमोर ती पडली होती, तितके तरी ऐकायला हवेत.

मी म्हणालो, “सुजाता, त्या दिवशी तुझा गळा चुकला नव्हता. पेटी तीन खाचा वर होती. ते मी बघितलं नाही, आणि कळल्यावर हात वर केला नाही. मग दांडी खाली सरकवली आणि तुझं नाव सांगितलं. तू मला विचारलं होतंस, पेटी वर होती का. होती, सुजाता. मी दिलेला सूर तू बरोबर घेतला होतास. मी खोटं बोललो. तुझ्या पोरांसमोर, तुझ्या आईसमोर तुझी माफी मागतो.”