ओढ्यात धुतलेला पंप

मैत्रिणींनो, आज सकाळी पेडगावच्या आमच्या ओढ्यात मासे मरून तरंगत होते. काल माझ्या भावानं कपाशीवर फवारणी करून पंप तिथंच धुतला होता.

हाच दादा थोरामोठ्यांसमोर तान्ह्या लेकीला कडेवर घेतो. "बाईमाणूस झालास का रं?" म्हणून लोक हसतात, तरी खाली ठेवत नाही. मला त्याचा अभिमान होता.

"दादा, हे तुझ्या औषधानं झालं."

"देवाची करणी हाय. पोखर्णीच्या देवाला नारळ फोडतो. कॉलेज शिकून तू लय बोलायलीस."

तेवढ्यात वहिनी बाळाची दुपटी घेऊन ओढ्याकडे निघाली. दादानं तिला अडवलं. "आज आडावर धू."

म्हणजे त्याला कळत होतं.

खालची वस्ती हेच पाणी पिते. मी सांगायला निघाले, तर म्हणाला, "माझं नाव घेऊ नको."

मी घेतलं. तुम्ही घेतलं असतं का?