खात्याचे किलोमीटर

सदर इसम, वय वर्षे त्रेपन्न, हुद्दा ओव्हरसियर, रस्ते खाते, वर्ण गव्हाळ, पोट हुद्द्यास साजेसे, एकवीस किलोमीटर अंतर न थांबता धावण्यास सर्वार्थाने सक्षम असल्याचे त्याच्या स्वतःच्या निदर्शनास आले आहे.

हा शोध लागण्यापूर्वी ओव्हरसियरसाहेबांच्या आसपास धावायच्या त्या फक्त फायली, आणि त्याही त्यांच्या टेबलावर आल्या की बसून घेत. कारण घडलं सासरी. भरल्या घरात बायको बोलून गेली, “यांना? भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला चढले तरी धाप लागते.” सगळे हसले. मेहुणा जरा जास्तच हसला. तो दरवर्षी शर्यतीत पळतो आणि पदकं दाराशीच टांगतो, चप्पल काढताना डोक्याला लागतील अशी.

“भावोजी, तुम्ही आपले टाळ्या वाजवायला या.”

साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की येत्या शर्यतीत आपण एकवीस किलोमीटर पुरे करू आणि त्यानंतर धापेचा विषय या खानदानात बंद.

सराव सुरू झाला तो बाह्यवळण रस्त्यावर. हा रस्ता साहेबांच्याच देखरेखीखाली झालेला. पहिल्या सकाळी ते किलोमीटरच्या पहिल्या दगडापर्यंत पोचले आणि जुना मित्र भेटावा तसे त्याच्या गळ्यात पडले. पण पुढे तिसरा दगड आला, पाचवा आला, बघता बघता दहावासुद्धा. या प्रगतीने साहेब स्वतःच थक्क झाले. कचेरीत चहाबरोबर पोटऱ्यांच्या स्नायूंवर व्याख्यान मिळू लागलं. नव्या बुटांकडे बघून शिपायाने विचारलं, “साहेब, हे आपोआप पळतात का?”

एका रविवारी मेहुणा सोबत पळाला. दहाव्या दगडापाशी त्याने मनगट पुढे केलं.

“भावोजी, घड्याळ सातच दाखवतंय.”

“चार्जिंग उतरलं असेल.”

“अहो, उपग्रहावरून मोजतं ते!”

“उपग्रह वर आहे, दगड इथे आहे. दगडावर दहा लिहिलंय. वाचता येतं ना?”

रस्ता मंजूर झाला होता दहा किलोमीटरचा. पैसे सातव्यालाच संपले. दगड मात्र आधीच येऊन पडलेले. तीन परत करायचे म्हणजे ते का उरले याचा खुलासा आला. त्यापेक्षा साहेबांनी दहाही दगड सात किलोमीटरांत सारख्या अंतराने पुरून टाकले. पुढे ‘लांबी दहा किलोमीटर’ या वाक्याखाली इतक्यांदा सही केली, की ते त्यांना मनापासून पटलं.

“अहो, दगडांचं तुम्हीच नाही का तेव्हा हसत हसत सांगितलं होतंत?” घरी हा वाद ऐकून बायको म्हणाली.

“तेव्हा मी पळत नव्हतो.”

“मग आता रोज थोडं जास्त पळा. महिना आहे हातात.”

“म्हणजे स्वतःचाच रस्ता खोटा पाडू?”

त्यांनी तो खोटा पाडला नाही. जाऊन, येऊन, पुन्हा पहिल्या दगडापर्यंत असे एकवीस दगड पुरे केले आणि सराव संपल्याचं जाहीर केलं.

शर्यत दुसऱ्या रस्त्यावर होती, आणि आयोजकांनी आगाऊपणा करून अंतर खरोखरच मोजलं होतं. चौदाव्या फलकापर्यंत साहेब झकास पळाले. कडेला उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी मंत्र्यासारखा हातही दाखवला. पंधराव्यापाशी पाय थांबले. पायांना शिकवलं होतं तेवढं त्यांनी चोख केलं होतं. साहेब दुभाजकावर बसले.

पाणी वाटणारी मुलगी धावत आली. “काका, गाडी बोलवू?”

“आधी आयोजकांना बोलवा. तुमचे फलक चुकलेत. माझे एकवीस झाले.”

“काका, हा पंधराचा फलक आहे.”

“तेच म्हणतोय मी. लेखी कळवीन.”

तिने गाडी बोलावली. अंतिम रेषा तिथून सहा किलोमीटरवर होती.