अक्कांच्या डब्यातली कातडी

रविवारी दुपारी मी फ्रिजमधली माझ्या मुलीची त्वचा खाल्ली.

चूक डब्याची होती. डबा खालच्या मजल्यावरच्या महानंदाअक्कांचा. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यातून खरवस आला होता. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून तो आमच्याकडेच राहिला, आणि सातवीतल्या आर्यानं त्यात शाळेसाठी त्वचेचं मॉडेल लावलं. चायना ग्रासचे तीन थर. मला दिसला खरवस. रक्तवाहिन्यांचे लाल दोरे मी केशर समजलो. साखर जरा कमी वाटली, एवढंच.

"बाबा, तुम्ही चरबीचा थर खाल्लात!" आर्या रडायलाच लागली. मॉडेल सोमवारी सकाळी द्यायचं होतं, आणि गेल्या वर्षी तिचा ज्वालामुखीही मीच सांडला होता.

तिला घेऊन अक्कांकडे गेलो. अक्का निपाणीकडच्या. इथं बेंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं रबराचे वायसर काढतात. सगळी हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं. आतून त्यांनी कारखान्यातल्या मऊ रबराचे दोन गोळे आणले.

"हे एकात एक मळलं की दहा मिनिटांत घट्ट होतंय. चरबी जाड लाट. मधला थर स्वल्प पातळ. वरचा पापडागत. खालचा मऊ आहे तोवरच वरचा बसव, नाहीतर सुटून येतोय."

चरबीत हळद पडली, मधल्या थरात कुंकू. आर्या लाटत होती, अक्का दोरे पुरत होत्या. मला लाटणं धुवायला दिलं.

"आता बोटाच्या रेषा हव्यात," आर्या म्हणाली.

अक्कांनी अंगठा दाबला. उचलला, तर खाली नुसता गुळगुळीत खळगा.

"माझ्या गेल्या की गं, साच्यातनं गरम वायसर उचलून. रेशनच्या मशीनलापण मी सापडत नाही." कोथिंबीर महागली म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. आर्या त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस? घट्ट व्हायलंय ते! वासुदेवअण्णा, तुमचा अंगठा आणा. खुर्चीत बसणाऱ्यांचा शाबूत असतोय."

माझा ठसा उमटला, अगदी ठसठशीत. माझ्या नोकरीचा विज्ञानाला झालेला हा पहिलाच उपयोग. शेजारचा खळगा बुजवायला गेलो, तर आर्यानं माझा हात धरला.

"राहू दे, बाबा. तीपण त्वचाच आहे."

 अक्कांनी पदरानं अंगठा उगाचच दोनदा पुसला.

निघताना मी भीत भीत विचारलं, "अक्का, डबा धुऊन पाठवतो. त्यात काय भरू?"

"कातडी आणि खरवस यातला फरक न कळणाऱ्याच्या घरचं काही नको; रिकामाच पाठवा."